आठ दिवसांचा पास

स्वित्झर्लंडहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "कसं होतं?" आणि मी "छान होतं" म्हणून मोकळी होते. छान होतंच. डोंगर छान, गाड्या छान, हवा छान. स्टेशनवरचे संडाससुद्धा इतके स्वच्छ की आईनं पहिल्यांदा बाहेर येऊन मला विचारलं, "चप्पल बाहेर काढायची होती का गं?" पण माझ्या डोक्यात तिथे जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही, आणि घरात कुणाला सांगायची सोय नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

माझा धाकटा भाऊ झुरिकला असतो. अकरा वर्षं झाली. वय एकोणचाळीस, एकटाच राहतो. लग्नाचा विषय काढला की त्याला नेमकी मीटिंग लागते. वडील गेले तेव्हा आला, तेराव्यापर्यंत थांबला आणि गेला, त्याला चार वर्षं झाली. आई तेव्हापासून माझ्याकडे, नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये आहे. त्याआधीचं तिचं सगळं आयुष्य घोटीच्या पलीकडच्या गावात, भाताच्या खाचरांत गेलं. आता तिचे दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण संध्याकाळी साडेसहाला त्याचा व्हिडिओ कॉल यायचा असला की सहा वाजताच पदर सारखा करून सोफ्यावर बसते. तो बोलतो, पण बोलताना दुसरीकडेच काहीतरी टाइप करत असतो. आईला ते कळत नाही असं त्याला वाटतं.

आणि एक दिवस हाच मुलगा म्हणाला, "आई, तू इकडे ये. ताई, तू घेऊन ये तिला. तिकिटं मी काढतो."

अहो, काय सांगू! चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पासपोर्टच्या फोटोसाठी दोनदा केस विंचरून गेली. पहिल्या फोटोत ती रागावलेली दिसत होती म्हणे. "पोराच्या देशात असं तोंड घेऊन जायचं का?" मी ओझरला नोकरी करते, तिथली साठवलेली सगळी रजा मागून घेतली. आईनं गावाहून घरचा इंद्रायणी तांदूळ मागवला, थालीपिठाची भाजणी केली, शेंगदाण्याची चटणी कुटली. मिक्सर वापरू देईना. त्याला कुटलेलीच आवडते, म्हणाली. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

विमानतळावर तो घ्यायला आला. आईनं त्याच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, चारचौघांत, आणि तो लाजला तरी त्यानं मोडू दिली. इथवर सगळं बरं होतं. घरी पोचलो, आईनं बॅगेतून तांदूळ काढला. तर हा म्हणतो, "अगं, मी भात सोडला. कार्ब्ज फार होतात." घोटीकडच्या बाईला, जिनं हयातभर चिखलात वाकून भात लावला तिला, हा कार्ब्ज सांगतो! आई म्हणाली, "बरं केलंस, पोट हलकं राहतं," आणि पिशवी परत बॅगेत ठेवली. मी तेव्हाच भडकणार होते, पण पहिलाच दिवस म्हणून गप्प बसले.

मग त्यानं दोन पास काढून आमच्यापुढे ठेवले. एकावर आईचं नाव, एकावर माझं.

"हा रेल्वेचा पास. आठ दिवस कुठल्याही गाडीत बसा, कुठल्याही गावात उतरा. बोटीत चालतो, बसमध्ये चालतो. मी रोजचं वेळापत्रक करून ठेवलंय."

"आणि तू?" मी विचारलं.

"मला ऑफिस आहे ना ताई. आणि मी सगळं बघितलंय गं."

मला क्षणभर वाटलं चेष्टा करतोय. नाही. खरोखर त्यानं एक तक्ता केला होता. सात वाजून चार मिनिटांची गाडी, फलाट क्रमांक नऊ, इतक्या वाजता अमुक गाव, तिथे पन्नास मिनिटं, मग दातेरी रुळांवरून चढणारी गाडी, वरचं गाव, तिथे चाळीस मिनिटं, मग खाली. एका दिवसात तीन गावं. आई काय पोस्टमन आहे?

आईनं पास हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाली, "लय चांगलं केलंस बाबा." तो खूश. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मला कळलं, त्या गाढवाला नाही.

तर असे आम्ही फिरायला लागलो. सकाळी तो कामावर जायच्या आधी आम्ही बाहेर पडायचो, आणि तो आठला यायचा तेव्हा आई दमून पलंगावर आडवी झालेली असायची. तो दारातून डोकावून "मजा आली ना?" विचारायचा, ती डोळे न उघडता "हो रे" म्हणायची. संपला दिवस. मी म्हणते, घरी बोलावलंस कशाला मग? नाशिकला निदान अर्धा तास कॉल तरी करत होतास!

गाडीत आई पास हातात धरूनच बसायची. मी सांगितलं, पर्समध्ये ठेव, तपासनीस आला की काढू. ऐकेना. तपासनीस लांबून दिसला की ही पास वर धरणार. तो हसून मान लववून पुढे जायचा, आणि आई दर वेळी म्हणायची, "किती सभ्य माणूस." बाहेर हिरव्या उतरणी, लाकडी घरं, खिडक्यांत लाल फुलं, गळ्यात घंटा बांधलेल्या गायी. बघावं तितकं थोडं, मी नाही म्हणत नाही. एका ठिकाणी इतक्या उभ्या चढावर एक माणूस आणि त्याची बायको गवत कापत होते की आई खिडकीला नाक लावून बघत राहिली. "पाय कसा ठरतो गं यांचा तिथं?"

तिसऱ्या दिवशी, कुठल्याशा वरच्या गावात, चर्चसमोरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. समोर बर्फाचे तीन-चार सुळके. मी म्हटलं, "आई, बघ तरी, लोक कुठून कुठून येतात हे बघायला."

"बघतेय की. पण डोंगर मला घोटीला हायेत बाई. आपल्या अंगणातून कळसूबाई दिसते. मी काय डोंगर बघायला आले व्हय?"

आवाज चढवला नाही तिनं. पदरानं चष्मा पुसला आणि परत घातला. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रात्री तो आल्या आल्या मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळू आवाजात जेवढं झोडपता येतं तेवढं झोडपलं. आई बाहेर होती ना, ओरडायची चोरी. म्हटलं, "तुला लाज वाटत नाही? ती तुला बघायला आलीय. एक दिवस दे. एक!" तो म्हणाला, रिलीज आहे, शनिवार-रविवारसुद्धा काम चालू आहे, टीम आहे, तुला नाही कळायचं. मी म्हटलं, मला सगळं कळतं. शेवटी म्हणाला, "गुरुवारी अर्धा दिवस काढतो. प्रॉमिस."

आईला सांगितलं तेव्हा तिनं तोंडभर हसून विचारलं, "अख्खा अर्धा दिवस?"



ठरलं असं. गुरुवारी सकाळी त्याची मीटिंग, तेव्हा आम्ही पुढे निघायचं. एका लहानशा गावात, डोंगरातल्या अगदी छोट्या स्टेशनवर, सव्वाबाराला उतरायचं. तो परस्पर येऊन तिथे उभा राहणार. ते गाव त्यानं मुद्दाम निवडलं होतं, कारण स्टेशनपासून तळ्यापर्यंत सपाट रस्ता आहे, आईच्या गुडघ्यांना त्रास नाही. हे मला त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. तळ्याकाठी बसून तिघांनी जेवायचं, आणि चारपर्यंत झुरिकला परत. आईनं बुधवारीच भाजणी भिजवायच्या गोष्टी सुरू केल्या. गुरुवारी पहाटे उठून त्याच्या त्या काचेच्या शेगडीवर, जिचा जाळ दिसत नाही म्हणून ती रोज कटकट करायची, तिच्यावर आठ थालीपिठं लावली. ठेवणीतली जांभळी साडी नेसली. वर माझाच जुना स्वेटर, पण साडी जांभळी.

आता माझी चूक सांगते. सांगितलीच पाहिजे, नाहीतर मी त्याच्यावर एवढी आग पाखडते त्याला अर्थ नाही.

गाडीत बसल्यापासून माझा फोन टुंग टुंग वाजत होता. सगळे त्याचेच मेसेज. गाडी बदलताना फलाट चार. डाव्या बाजूला बसा. आईला पाणी पाज. पुलाचा फोटो काढ. रोज हेच चाललं होतं, स्वतः यायचं नाही आणि फोनवरून आम्हाला हाकायचं. सातवा की आठवा मेसेज आला तेव्हा माझं टाळकं सटकलं. मी त्याला म्यूट केलं आणि फोन पर्सच्या तळाशी, रुमालाखाली ठेवून दिला. आता काय व्हायचं ते समोरासमोर, म्हटलं.

स्टेशन यायच्या वीस मिनिटं आधी आम्ही उठलो. ही आपली सवय. नाशिकरोडला उतरणारा माणूस एक स्टेशन आधीच सामान घेऊन दारात उभा असतो, कारण गाडी दोन मिनिटं थांबते आणि मागून चढणारे आत रेटतात. तिथे रेटायला चिटपाखरू नव्हतं, अख्ख्या डब्यात आम्ही दोघी आणि एक म्हातारा कुत्रा घेऊन बसलेला. तरी आम्ही दारात. आईच्या एका हातात डबा, दुसऱ्या हातानं दांडा धरलेला.

दाराशेजारी एक लाल बटण होतं. आईचं लक्ष गेलं. "हे दाबायचं असंल का गं?"

"हात लावू नकोस!" मी खेकसले. "साखळी असते ती. दंड होईल, उगाच परक्या देशात तमाशा नको."

लहानपणापासून डोक्यात बसलेलं आहे हो, गाडीत लाल दिसलं की हात मागे. मी एकदा नुसतं साखळीकडे बघितलं म्हणून वडिलांनी दटावलं होतं. आईनं दटावलेल्या पोरासारखं तोंड केलं, चटकन हात आखडला आणि डब्याखाली धरला.

गाडीचा वेग कमी झाला. वळण आलं, मग ते इवलंसं स्टेशन दिसायला लागलं. एक लाकडी शेड, एक बाक, आणि तो. निळं जाकीट, पाठीवर पिशवी, हात वर केलेला. आईनं त्याला माझ्याआधी बघितलं. "तो बघ! तो बघ आलाय!" काचेवर हात आपटत ती हसत होती. तोही हसत होता. मग तो आमच्या दारासमोर आला, मग दाराच्या मागे गेला, त्याचं हसू गेलं, तो धावायला लागला, आणि गाडी काही थांबली नाही.

आई काचेवर हात ठेवून मागे बघत राहिली. "पुढं जाऊन थांबंल," म्हणाली. "लांब गाडीचं असंच असतं." आमची गाडी तीन डब्यांची होती.

मी फोन काढला. बारा मेसेज. त्यातला एक, सकाळी पावणेदहाचा: "ताई, महत्त्वाचं. हे स्टेशन मागणीवर आहे. दाराजवळचं लाल बटण दाबलं तरच गाडी थांबते. नक्की दाब." मी तो दोनदा वाचला. आईनं विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, पुढच्या स्टेशनवरून परत ये म्हणतोय. ती म्हणाली, "मग बरंय." बटणाबद्दल एक शब्द बोलली नाही. आजतागायत बोललेली नाही. बोलली असती तर फार बरं झालं असतं.

गाडी त्यानंतर थांबली ती एकदम वरच्या शेवटच्या गावात. परतीची गाडी तासाभरानं. त्या तासात मी फलाटावर येरझाऱ्या घातल्या. आई डबा मांडीवर घेऊन बसली आणि मधून मधून त्याच्यावर हात ठेवून बघत होती, गरम आहे का. परतीला मी गाडी सुटल्या सुटल्याच बटण दाबलं. मग परत दाबलं. तो कुत्रेवाला म्हातारा आता खाली चालला होता. तो मला काहीतरी समजावू लागला, बहुतेक एकदा पुरे, पण मी दाबत राहिले.

पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. तो बाकावर बसला होता, मांडीवर लॅपटॉप. आम्हाला बघून उठला आणि त्याचं पहिलं वाक्य काय? "ताई, मी स्पष्ट लिहिलं होतं." दुसरं वाक्य, "मला दोन वीसच्या गाडीनं जावं लागेल. चारला कॉल आहे."

मी सुटले. चूक माझी होती ना, म्हणून तर जास्तच सुटले. "लिहिलं होतंस! लिहूनच आई सांभाळ तू! सहा दिवस तिला सामानासारखी गाडीत टाकून दिलीस, वर म्हणतोस लिहिलं होतं? एक फोन करून तुझी ती मीटिंग पुढे ढकलता येत नाही? चार वर्षांनी आई दिसली तुला, आणि तिला पस्तीस मिनिटं देतोस, तीही एका बाकावर? अरे, तुझ्यासाठी चटणी कुटताना तिच्या खांद्याची काय गत झाली ते विचार तिला!"

त्याचा चेहरा उतरला. तो काहीतरी बोलणार होता, कदाचित बरंच काही. मला अजून वाटतं, त्या क्षणी तो थांबला असता. आणि आई माझ्यावरच डाफरली.

"गप! गप बस आधी. त्याला दोन घास खाऊ दे, त्याची गाडी हाय."

झालं. तिनं डबा उघडला. थालीपिठं गार झाली होती. त्यानं उभ्या उभ्या एक खाल्लं, मग बसून दुसरं, मग तिसरं. चटणी बोटानं पुसून खाल्ली, लहानपणी खायचा तशी. आई खाली बघत नव्हती, तळ्याकडे बघत नव्हती, समोरच्या बर्फाकडे तर नाहीच. तो चावत होता आणि ती त्याच्या जबड्याकडे बघत होती. "बारीक झालास," म्हणाली. "नाही गं." "केस गेले की रे पुढून." "जातात गं आता." एवढंच बोलणं झालं. उरलेली पाच तिनं फडक्यात बांधून त्याच्या पिशवीत घातली. दोन वीसला पाच मिनिटं कमी असताना तो उठला, फलाटावरच्या खांबाचं बटण दाबून आला. त्याची गाडी बरोबर थांबली.

"आई, पुढच्या वर्षी मी येतो. महिनाभर येतो," तो दारातून म्हणाला.

"ये की," आई म्हणाली, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिली. त्यानंतर आम्ही तळ्यापर्यंत चालत गेलो नाही. मी विचारलं, ती म्हणाली गुडघा दुखतोय. पासचे अजून दोन दिवस शिल्लक होते. ते आम्ही त्याच्या घरात काढले. ती त्याच्या शर्टांची बटणं तपासत होती, मी टीव्ही बघत होते.

परत आल्यावर पहिल्या रविवारी सकाळी आमच्या बिल्डिंगमधल्या चौघी जणी आल्या. मी फोटो टीव्हीवर लावले, म्हटलं बघू देत. चर्चसमोर आई, गायीशेजारी आई, बोटीत आई, पास वर धरलेली आई. शंभरावर फोटो, सगळ्यांत आई एकटी, कारण फोटो काढणारी मी. बायका "अगंबाई", "अगंबाई" करत होत्या. मग त्यांतल्या एकीनं विचारलं, "काकू, मुलगा दिसत नाही तो कुठेच?"

मी रिमोट हातात घेऊन उभी होते. आईनं माझ्याकडे बघितलंच नाही.

"तो कसा दिसंल? फोटो तोच काढत होता की. आठ दिवस सुट्टी टाकली बाई त्यानं माझ्यासाठी. हात धरून धरून सगळीकडं नेलं."

"आणि ही?" दुसरीनं माझ्याकडे बोट केलं.

"ही होती की. तिला कुठं हौस हाय फोटोची."

चौघी जणींनी माझ्याकडे बघितलं. सहाही दिवस जिच्या खांद्यावर हात ठेवून ती प्रत्येक पायरी उतरली, ती मी. जिनं तिला संडासाच्या दारापर्यंत नेलं, जिनं तिचं पाणी वाहिलं, ती मी. अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं माझ्या. आईनं आता मान वळवली. तिच्या तोंडावर तेच होतं जे मी तिला "हात लावू नकोस" म्हणून खेकसले तेव्हा होतं.

"हो ना," मी म्हटलं. "सगळे त्यानंच काढले." आणि पुढचा फोटो लावला.